आमोसचं तोंड कोणाकडे होतं?

*प्रिय बाई, प्रभूमध्ये सलाम. आम्ही नगर जिल्ह्यातले. दोन एकर कांदा काढणीला आला होता, निम्मा काढून शेतातच वाळत घातला होता. मार्चअखेर गारपीट झाली आणि वीस मिनिटांत सगळं गेलं. ओढ्यापलीकडच्या शिवारात एकही गार पडली नाही. तीन आठवड्यांनी आमच्या घरी प्रार्थना होती, तिला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी आमोसचा चौथा अध्याय उघडला, 'एका शेतावर पाऊस पडला, दुसऱ्यावर पडला नाही' हे वाचलं आणि म्हणाले, 'या घरात काहीतरी लपलेलं आहे. ते कबूल करा, नाहीतर पुढचा तडाखा याहून मोठा असेल.' तेव्हापासून सासूबाई रात्री उठून बसतात. चाळीस वर्षांपूर्वीचं काहीबाही आठवून रडतात. मुलगा कॉलेजात आहे. तो म्हणतो, देव असा असेल तर मी चर्चला येत नाही. हे काहीच बोलत नाहीत. सोसायटीचं कर्ज आहे, कांदा काढणाऱ्या बायकांची निम्मी मजुरी द्यायची राहिली आहे, पंचनामा झाला पण पैसे आलेले नाहीत. बाई, मला एवढंच सांगा, आमोस खरंच आमच्याबद्दल बोलतो आहे का? न्यायाचे असे इशारे वाचायचे तरी कसे? – एक शेतकरीण*

ताई, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री सासूबाईंना झोप लागेल. नाही. तुमच्या दोन एकर कांद्यावर पडलेल्या गारांबद्दल आमोस काहीही बोललेला नाही, आणि तो बोलला आहे असं सांगण्याचा अधिकार त्या पाहुण्यांना कोणी दिलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा वेळ लागेल. चहा ठेवा आणि मग वाचा.

आमोस कोण होता, इथपासून सुरू करू, कारण तुमच्या घरी तो जणू आभाळातून बोलणारा कोणी असल्यासारखा वाचला गेला. तो एक संदेष्टा, तकोवाचा, बेथलेहेमच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवरच्या डोंगरी गावचा. मेंढरं राखायची आणि उंबरांची निगा राखायची हा त्याचा धंदा, असं तो स्वतःच सांगतो. तकोवा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि ही झाडं तिथे होत नाहीत. ती खालच्या उबदार सखल भागात होतात. म्हणजे हा माणूस मोसमाप्रमाणे कामासाठी डोंगर चढणारा-उतरणारा. तिकडच्या उंबराचं फळ नीट पिकावं म्हणून त्याला आधी एक चीर द्यावी लागे. झाडावर चढून एकेका फळाला चीर देत बसायचं, असं ते चिवट काम. आपल्या भाषेत 'उंबर फोडून केंबरं काढणं' म्हणजे झाकलेलं उघड करणं. ज्यांनी शास्त्राच्या मराठीत त्या झाडाला उंबर म्हटलं त्यांच्या मनात हे होतं की नव्हतं कोण जाणे, पण आमोसला ते नेमकं लागू पडतं.

इ.स.पू. ७६०च्या सुमाराची गोष्ट. शलमोनानंतर राज्य दुभंगलं होतं, दक्षिणेला यहूदा आणि उत्तरेला इस्राएल. आमोस दक्षिणेचा, पण त्याला पाठवलं उत्तरेला. उत्तरेत यराबाम राज्य करत होता, योवाशाचा मुलगा, या नावाचा दुसरा. आणि ताई, इथे जरा थांबा, कारण तुमच्या पाहुण्यांच्या हातून सगळ्यात पहिली गोष्ट सुटली ती हीच. तो काळ संकटाचा नव्हता. यराबामने सरहद्दी परत मिळवल्या होत्या, व्यापार जोरात होता, राजधानी शोमरोनात श्रीमंतांचे वाडे उभे राहत होते. २ राजे १४मध्ये लिहिलं आहे की राज्य असं वाढणार, हे योना संदेष्ट्याने आधीच सांगितलं होतं. हाच तो माशाच्या पोटातला योना. म्हणजे लोकांच्या हातात देवाचं वचनसुद्धा होतं. पीकपाणी बरं, राजा खंबीर, मंदिरात गर्दी. देव प्रसन्न आहे याचा आणखी कोणता पुरावा हवा होता?

अशा वेळी हा मेंढपाळ बेथेलला, उत्तरेच्या मोठ्या देवस्थानी, येऊन म्हणतो, तुमचं काही खरं नाही.

त्या वाड्यांची खूणही सापडली आहे. १९३०च्या दशकात शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे निघाले, पलंगांना आणि सामानाला जडवलेले. आमोस ६:४मध्ये 'हस्तिदंती पलंगावर लोळणारे' वाचलं की आपल्याला तो कवीचा अलंकार वाटतो. तो अलंकार नव्हता. त्याआधी १९१० साली तिथेच खापऱ्यांवर शाईने लिहिलेल्या नोंदी मिळाल्या होत्या. कोणत्या गावाहून राजधानीत किती जुना द्राक्षारस आला आणि किती उत्तम तेल आलं, याचा हिशेब. खेड्यातून वर गेलेल्या मालाची ती पावतीच म्हणा ना.

आता आमोस बोलतो कसा ते बघा. बेथेलच्या यात्रेत उभा राहून तो पहिला इशारा देतो तो दिमिष्काला, म्हणजे अरामाच्या राजधानीला. त्यांनी गिलादाला लोखंडी दातांच्या मळणीच्या यंत्राखाली मळलं. गर्दी खूश झाली असणार, दिमिष्क म्हणजे जुना वैरी. मग गज्जा, गावंच्या गावं धरून गुलाम म्हणून अदोमाला विकली. मग सोर. मग अदोम. मग अम्मोन, ज्यांनी सरहद्द वाढवायला गरोदर बायांची पोटं चिरली. मग मवाब, ज्यांनी अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. प्रत्येक वेळी तेच पालुपद, तीन अपराधांमुळे, चार अपराधांमुळे, मी सोडणार नाही. सातवं नाव येतं यहूदाचं. आमोसचा स्वतःचा मुलुख. म्हणजे माणूस पक्षपाती नाही असंही लोकांना वाटलं असेल. नकाशावर बोट फिरवा, फास हळूहळू आवळत येतो. आणि आठवं नाव इस्राएल.

इतरांवर आरोप होते युद्धातल्या क्रूरपणाचे. इस्राएलवर कोणते आरोप आहेत? नीतिमानाला रुप्यासाठी विकलं, गरिबाला एका जोड्यापायी विकलं. तारण म्हणून घेतलेली वस्त्रं पसरून वेदीजवळ लोळतात. दंड म्हणून वसूल केलेला द्राक्षारस देवाच्या घरात पितात. सावकारी, बाजार, कोर्ट, हीच ती पापं. आणि तो ती तळघरातून उकरून काढत नाही. सगळ्या गावाला माहीत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. 'या घरात काहीतरी लपलेलं आहे' असं गुळमुळीत बोलणं आमोसच्या तोंडी कुठेच नाही. तो अपराधाचं नाव घेतो, जागा सांगतो, मापसुद्धा सांगतो. आठव्या अध्यायातले व्यापारी आठवा. चंद्रदर्शन कधी संपतंय, शब्बाथ कधी सरतोय आणि आम्ही धान्य कधी विकतोय, एफा (धान्याचं माप) लहान करू, शेकेल (तोलायचं वजन) जड करू, खोट्या तराजूने फसवू, गव्हाचा भुसाही विकून टाकू. आडतीवर कांदा घेऊन गेलेल्या माणसाला या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

म्हणून इशारा वाचताना मी एक प्रश्न आधी विचारते. बोलणाऱ्याचं तोंड कोणाकडे आहे?

तुमच्या पाहुण्यांनी चौथा अध्याय मधूनच उघडला. वरून, पहिल्या ओळीपासून, उघडा. तिथे आमोस शोमरोनच्या बड्या घरच्या बायकांना 'बाशानच्या गाई' म्हणतो. बाशान म्हणजे यार्देनेपलीकडची कुरणं, तिथली गुरं धष्टपुष्ट असत. (संदेष्टे सभ्य बोलतात हा आपला गोड गैरसमज आहे.) या बायका दुबळ्यांना पिळतात आणि नवऱ्यांना म्हणतात, आणा, पिऊ या. पुढे चौथ्या वचनात तो यात्रेकरूंना टोमणा मारतो, या बेथेलला आणि पाप करा, गिलगालला या आणि आणखी पाप करा, रोज सकाळी यज्ञ आणा, दानाचा डांगोरा पिटा, कारण ते तुम्हाला आवडतं. हे श्रोते ठरल्यावर मग येतं सहावं वचन आणि पुढची पाच पालुपदं. तुमचे दात स्वच्छ ठेवले, म्हणजे चावायला काही ठेवलं नाही. कापणीला तीन महिने असताना पाऊस आवरून धरला. बागांवर रोग पाडला, टोळ पाठवले. मरी पाठवली. तुमच्यातल्या काहींना सदोम-गमोरासारखं उलथलं. आणि दर वेळी, 'तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत.'

श्रोत्याची जागा पुसली आणि तोच मजकूर एका नुकसान झालेल्या घरात वाचला, तर बंदुकीची नळी उलटी फिरते. ज्या कुणब्याच्या बाजूने आमोस उभा होता, त्याच्यावरच ती रोखली जाते. पाहुण्यांनी हे दुष्टपणाने केलं असं मी म्हणत नाही. चौथा अध्याय ठळक आहे, शेतीतल्या माणसाला पटकन भिडतो, आणि प्रार्थनेच्या घरात सांत्वन देण्यापेक्षा धाक घालणं सोपं जातं.

तुमचा मुलगा हुशार दिसतो. तो विचारील, बाई सारवासारव करताहेत का? दुष्काळ देवाने पाठवला असं आमोस म्हणतो की नाही? म्हणतो. तिसऱ्या अध्यायात तर तो आणखी कडक बोलतो, नगरावर अरिष्ट आलं तर ते परमेश्वराशिवाय आलं का? मी ते वाक्य पुसणार नाही. पण ते कोणत्या रांगेत उभं आहे ते बघा. दोघे ठरवल्याशिवाय बरोबर चालतील का? सावज नसताना सिंह गर्जेल का? फास नसताना पक्षी अडकेल का? नगरात रणशिंग वाजलं तर लोक घाबरणार नाहीत का? आणि लगेच पुढे, प्रभू परमेश्वर आपलं मनोगत संदेष्ट्यांना कळवल्याशिवाय काही करत नाही. आधी रणशिंग, मग अरिष्ट, असा तो क्रम आहे. आमोसच्या पुस्तकाचं पहिलंच वचन सांगतं की तो 'भूमिकंपाच्या दोन वर्षं आधी' बोलला. त्या भूकंपाची आठवण जखऱ्याच्या पुस्तकातही आहे आणि उत्तरेकडच्या हासोराच्या उत्खननात त्या काळच्या पडलेल्या भिंतीही पुरातत्त्वज्ञांना दिसल्या. तो आधी बोलला म्हणून लोकांनी त्याचे शब्द जपले.

तुमचे पाहुणे गारांनंतर तीन आठवड्यांनी आले. घटना घडून गेल्यावर तिच्यावर देवाचा शिक्का मारायला संदेष्टा लागत नाही. त्याला ईयोबचे मित्र पुरतात, संकटात पडलेल्या ईयोबाला 'तुझंच पाप' म्हणणारे. ते तिघेही शास्त्रातलंच बोलत होते, आणि शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

आणि लूक १३ तर तुम्हाला पाठ असेल. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा येशू विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या सगळ्यांपेक्षा ते अधिक अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? मी सांगतो, नाही. मग म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर. तो मेलेल्यांची चौकशी करत नाही. जिवंत उभ्या असलेल्या आणि प्रश्न विचारणाऱ्या माणसांकडे वळतो. तोंड कोणाकडे, हा प्रश्न इथेही तसाच. तुमच्या ओढ्याअलीकडे गार पडली, पलीकडे पडली नाही. या हिशेबाने पलीकडचे सगळे निष्पाप ठरतात. त्यांना विचारून बघा, तेही हसतील.

आता 'न्याय' या शब्दाकडे येते. सासूबाई घाबरल्या त्या याच शब्दाला, असं मला वाटतं. आपल्या बोलण्यात हा शब्द दोन तोंडांचा आहे. 'देव न्याय करील' असं कोणी आपल्याला सुनावलं तर आपण चरकतो. आणि वीस वर्षं जमिनीची केस लढणाऱ्या विधवेला 'न्याय मिळाला' म्हटलं की आपण पेढा मागतो. शब्द तोच. आमोसच्या इब्री भाषेतही तो तसाच, मिश्पात. निवाडाही तोच आणि दुबळ्याला त्याचं परत मिळणंही तेच. चोराच्या दारात पोलीस आले तर चोराला धाक वाटतो, ज्याची चोरी झाली त्याला धीर येतो. गाडी एकच असते.

म्हणून पाचव्या अध्यायात आमोस 'परमेश्वराच्या दिवसाची' वाट बघणाऱ्यांना म्हणतो, तो दिवस तुम्हाला कशाला हवा? तो अंधार आहे, उजेड नाही. माणूस सिंहापासून पळाला आणि अस्वल भेटलं. कसाबसा घरी पोचला, हुश्श करून भिंतीला हात टेकला, तर साप चावला. आगीतून फुफाट्यात आपण म्हणतो, याने तिसरी पायरीही ठेवली आहे! त्या लोकांना वाटत होतं की तो दिवस म्हणजे शत्रूचा नाश आणि आपला विजय. आपल्या सगळ्यांना तसंच वाटतं. नंतर थोड्याच वचनांवर ते प्रसिद्ध वाक्य येतं. तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, नीतिमत्त्व अखंड वाहणाऱ्या ओढ्यासारखं. हे 'अखंड' महत्त्वाचं. यहूदाच्या डोंगरातले ओढे पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात नुसते दगड उरतात. तुमच्या शिवारातल्या ओढ्यासारखेच, दिवाळीनंतर चार महिन्यांत ठणठणीत. आमोसला बारमाही ओढा हवा आहे. यात्रेपुरता फुगणारा नको.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, तिचा इशाऱ्यांशी थेट संबंध आहे. इशारा खरा ठरावा म्हणून दिला जातो का? योनाने अश्शूरच्या निनवे नगरात ओरडून सांगितलं, आणखी ४० दिवसांनी हे नगर उलथणार. 'पश्चात्ताप केलात तर नाही' अशी पुस्ती त्याने जोडली नव्हती. तरी लोक वळले आणि नगर वाचलं, आणि योना रुसून बसला, कारण त्याचा शब्द खोटा पडला होता. देवाला शब्द खोटा पडल्याचं वाईट वाटलं नाही. मीखाने हिज्कीया राजाच्या काळात सांगितलं की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. ती तेव्हा नांगरली गेली नाही. शंभरेक वर्षांनी यिर्मयाला मंदिरात धरून ठार मारायची भाषा झाली, तेव्हा काही वडील उभे राहिले आणि त्यांनी मीखाचाच दाखला दिला. हिज्कीयाने त्याला मारलं का? तो परमेश्वराला घाबरला आणि परमेश्वराने अरिष्ट आवरलं. यिर्मया २६ वाचा, अगदी कोर्टातल्या उलटतपासणीसारखं आहे. तिथे न घडलेला इशारा बचावाचा पुरावा म्हणून चालला.

आमोसचं मात्र तसं झालं नाही. बेथेलचा याजक अमस्या याने राजाला निरोप धाडला, हा तुझ्याविरुद्ध कट करतो आहे, याचे शब्द देशाला सोसवत नाहीत. आणि आमोसला म्हणाला, द्रष्ट्या, यहूदात पळ काढ, तिथे भाकर खा, तिथे संदेश दे, इथे नको. हे राजाचं पवित्रस्थान आहे. एका वाक्यात त्याने देवळाची मालकी सांगून टाकली. त्यानंतर जेमतेम ४० वर्षांत, इ.स.पू. ७२२-७२१मध्ये, अश्शूर साम्राज्याने शोमरोन घेतलं. सर्गोन राजाने आपल्या शिलालेखात बंदिवान करून नेलेल्यांचा आकडा कोरून ठेवला आहे, २७,२९०.

त्या २७,२९०मध्ये जोड्यापायी विकले गेलेलेही असतील, हे मला आजही बोचतं. वाडे पडतात तेव्हा आसपासच्या झोपड्याही पडतात. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापासून मी जरा लांबच बसते. पण आमोसलाही ते बोचत होतं. सातवा अध्याय उघडा. त्याला दृष्टान्तात टोळ दिसतात, राजाची पहिली कापणी झाल्यावर उगवलेलं गवत फस्त करणारे. म्हणजे राजाचा वाटा सुखरूप, आणि उरलेल्यावर टोळ. आमोस तेव्हा 'बरं झालं, मी सांगत होतो ना' असं म्हणत नाही. तो ओरडतो, प्रभो परमेश्वरा, क्षमा कर, याकोब (म्हणजे इस्राएल) कसा टिकेल? तो लहान आहे. आणि परमेश्वराला दया येते, हे घडणार नाही. पुन्हा अग्नीचा दृष्टान्त, पुन्हा तीच विनवणी, पुन्हा तेच उत्तर. मग तिसऱ्या दृष्टान्तात ओळंबा दिसतो, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला धरतो तो. तिथे आमोस गप्प होतो. भिंत वाकडी आहे हे त्यालाही दिसतं.

तर ताई, मी हे असं तपासते. बोलणारा अपराधाचं नाव घेतो का, की नुसता अंधारात हात घालतो? ज्याचं बळ आहे त्याच्याकडे बोट आहे की जो आधीच पडला आहे त्याच्याकडे? आणि बोलणाऱ्याने त्या घरासाठी एकदा तरी 'तो लहान आहे' असं म्हणून देवाशी भांडण केलं का? तुमच्या पाहुण्यांनी प्रार्थना संपवताना तुमच्या कर्जासाठी, कांद्यासाठी, यांच्या मुक्या तोंडासाठी काही मागितलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मागितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतंत, असं मला वाटतं.

सासूबाईंच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणींचं काय? त्यात खरंच कोणाचं देणं किंवा कोणाची माफी राहिली असेल आणि तो माणूस हयात असेल, तर तुम्ही त्यांना घेऊन जा, पाच मिनिटांचं काम असतं. नसेल तर पाळकसाहेबांना बोलवा, त्यांच्याबरोबर शांतपणे प्रार्थना होऊ द्या. पण ते गारांशी जोडू नका. चाळीस वर्षं थांबून नेमका सुनेचा कांदा झोडपणारा देव कुठल्याच अध्यायात नाही.

इथे थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तुमच्या पत्रात एक अर्धं वाक्य आहे, कर्जाच्या आणि पंचनाम्याच्या मध्ये दबलेलं. कांदा काढणाऱ्या बायकांची निम्मी मजुरी.

लगेच दचकू नका. गारा त्यासाठी पडल्या नाहीत, मजुरी गारांनंतर थकली, हे तारखेवरूनच उघड आहे. आणि तुमचे हात रिकामे आहेत हेही मला कळतं. पण आमोसला घरात बोलावलंच आहे, तर तो कुठे बघेल? सासूबाईंच्या ट्रंकेत तो बघणार नाही. तो त्या चार-सहा बायकांकडे बघेल.

१९६० साली इस्राएलच्या किनाऱ्याजवळच्या एका जुन्या किल्ल्यात खापरीवर लिहिलेला अर्ज सापडला. आमोसनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. अर्जदार कापणीवरचा मजूर. त्याचं म्हणणं, मी माझं काम पुरं केलं, धान्य मोजून ठेवलं, तरी मुकादमाने माझं वस्त्र काढून नेलं. माझे सोबती साक्ष देतील. माझं वस्त्र परत मिळवून द्या. बस, एवढंच. निर्गम २२मध्ये नियमच आहे की गरिबाचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, कारण रात्री पांघरायला त्याच्याजवळ दुसरं काय आहे? आपल्याकडची घोंगडीच ती. आणि अनुवाद २४मध्ये मजुरीचंही तसंच, त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. तो मजूर कोण होता, त्याचं वस्त्र परत मिळालं का, काही कळत नाही. पण त्याची तक्रार अडीच हजार वर्षांहून जास्त काळ मातीत टिकून राहिली आहे, वस्त्र नेणाऱ्याचे वाडे टिकले नाहीत.

तुमच्याकडे आलेल्या बायकांचाही तो दिवस गारांनी नेला. फरक एवढाच की त्यांच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही. पंचनाम्यात पीक असतं, क्षेत्र असतं, सात-बारा असतो. बुडालेल्या रोजंदारीला रकाना नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. या आठवड्यात तुम्ही स्वतः, यांना घेऊन, त्यांच्या घरी जा. त्या तुमच्या दारात यायची वाट बघू नका. किती राहिले ते प्रत्येकीच्या समोर वहीत लिहा. जमतील तेवढे, दोनशे का होईना, हातावर ठेवा आणि बाकीची तारीख सांगा. तारीख सांगताना खरी सांगा. नुकसानभरपाई आली की सोसायटीच्या हप्त्याआधी ते पैसे बाजूला काढा. सोसायटी थांबते, नोटीस पाठवते, पुनर्गठन करते. रोजावर जगणारीला पुनर्गठन करता येत नाही. आणि यांच्या मौनाचं कारण मला वाटतं यातच आहे. शेतकऱ्याला कर्जाची सवय असते, पण रस्त्यात मजूर बाई दिसली की वाट बदलावी लागणं त्याला सोसत नाही. ते एकदा बोलून मोकळं झालं की घरात पुन्हा आवाज ऐकू येईल.

पाहुण्यांशी भांडू नका. पुढच्या वेळी ते आले तर आदराने म्हणा, भाऊ, आज आमोस पहिल्या अध्यायापासून सातव्यापर्यंत सलग वाचू या, अर्धा-पाऊण तास लागतो. सलग वाचलं तर पुस्तक स्वतःच बोलतं. नाही म्हणाले तर चहा द्या आणि स्तोत्र गाऊन प्रार्थना संपवा.

मुलाला चर्चची सक्ती नको. त्याला म्हणावं, तू ज्या देवावर रागावलास त्याच्याबद्दल आमोसनंही कडक लिहिलं आहे. 'तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा' हे चर्चला न जाणाऱ्या पोरानं म्हटलेलं नाही, शास्त्रात देवानं म्हटलं आहे. तो वाचेल, या वयात असं काही सांगितलं की वाचतात. फक्त त्याला सांगा की सातवा अध्याय, पहिली सहा वचनं, मोठ्याने वाच, आतल्या खोलीत आजीला ऐकू जाईल एवढ्याने.

सासूबाईंना माझा सलाम सांगा. मजुरीचं काय झालं ते दोन ओळींत कळवा.